ट्रम्पेट काचेच्या पेटीत जाणार नाही

मी, केसरबाई सिद्राम तळभंडारे, वय चौऱ्याऐंशी (आधार कार्डावर एक्क्याऐंशी पडले आहे, ते चूक आहे), धंदा पूर्वी विडी वळणे, सध्या बसून खाणे, राहणार बुधवार पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, काही पाजलेले नाही, गोड बोलून गुंगवलेले नाही. गोड बोलून गुंगवायला एकजण आला होता, त्याची हकीकत पुढे येईल.

माझी शाळा तिसरीत सुटली, ती साक्षरतेच्या वर्गात म्हातारपणी पुन्हा धरली. म्हणून अक्षराला कोणी हसू नये. आमचे अमरेश वकील म्हणाले, "आजी, तुम्ही तोंडी सांगा, मी मुद्देसूद लिहून काढतो." मी म्हटलं, "साहेब, मुद्दे तुमचे यायचे आणि राग माझा राहून जायचा." तेव्हा ते हसले आणि कोरे कागद देऊन गेले. कलमं कशी पाडायची तेवढं सांगितलं. एका कलमात एकच गोष्ट लिहा म्हणाले. बघू जमतंय का.

आजच का लिहायला बसले, तर आज मी लई आनंदात आहे. माझी नात धम्मप्रिया, म्हणजे माझा मुलगा धर्मपाल याची मुलगी, ट्रम्पेट वाजवते. तिच्या आजोबांचंच. पुण्यात राहते, तिथं जाझ नावाचा जो बाजा आहे तो वाजवते. तिला तिथल्याच एका मोठ्या हॉटेलचं काम लागलं आणि त्याचा करार तिनं मोबाइलवर आणला. मी म्हटलं, मोठ्यानं वाच. तिनं वाचलं. जेवण हॉटेलचं. जाण्यायेण्याची गाडी हॉटेलची. कपडे बदलायला खोली. मधे मधे बसायची सुट्टी. ठरल्यापेक्षा जास्त वाजवलं तर जास्त पैसे. निम्मे पैसे आधी.

"परत वाच."

"आज्जी, आत्ताच वाचलं की."

"कानाला गोड लागतंय गं. वाच."

तिनं परत वाचलं. मी पदर तोंडाला लावून हसत होते, तर सून आतनं विचारते, "आत्या, रडताय का काय?" मी म्हटलं, "न्हाय गं, हसतेय." खरं म्हणजे दोन्ही चाललं होतं. पोरगी चहा करायला उठली आणि मला असा संताप आला की काय सांगू. कारण असला एक कागद, एवढासा एक कागद, माझ्या नवऱ्याला जन्मात कोणी दिला नाही. आता कलमं.

कलम पहिले: घर.

बुधवार पेठेतील माझ्या नावाचे दोन खोल्यांचे घर, ज्यास पूर्वेस शिवलीला हत्तुरे सिस्टर यांचे घर, पश्चिमेस बोळ, उत्तरेस गटार आणि दक्षिणेस नळ आहे, ज्याला पाणी पाचव्या दिवशी येते, ते माझ्या पश्चात माझा मुलगा धर्मपाल यास मिळावे. तो आणि सून असेपर्यंत कोणी त्यांना हलवू नये. घरावर पूर्वी पत्रा होता, यंदा स्लॅब टाकला. स्लॅबचे पैसे कुठून आले ते कलम चारमध्ये आहे. वाचताना धर्मपालने खाली मान घातली तरी चालेल.

कलम दुसरे: पैसे.

पोस्टात माझी ठेव आहे. विडीच्या पेन्शनीतनं ती साठली असं कोणी म्हणेल तर त्याला ती पेन्शन एकदा दाखवा, त्यात महिन्याचा चहासुद्धा भागत नाही. ती ठेव धर्माच्या बाबांच्या, म्हणजे माझ्या मयत पतीच्या, बँडच्या कमाईची आहे. ती सगळी धर्मपालला जायची होती. आता त्यातून आधी एक रक्कम वळती होईल, आणि उरेल ती त्याला. कसली रक्कम, तेही कलम चारमध्ये.

कलम तिसरे: विडीचं सामान.

कातर, पान कापायचा पत्रा आणि सूप. कातर सुनेला. ती बरीच वर्षं माझ्या नकळत तिनं कापड कापतेय, आता उघड कापावं. पत्रा आणि सूप मोडीत घाला, मला त्यांची माया नाही. कारखान्यात विड्या घेऊन गेलं की चेकर हाताला लागतील तेवढ्या बाजूला काढायचा, म्हणायचा, "ह्या छाट." म्हणजे खराब, ह्याचे पैसे नाहीत. पण छाट परत द्यायचा नाही, स्वतःच्या डब्यात टाकायचा. मी एकदा विचारलं, "खराब हायत तर ठेवून कशाला घेता?" तर पुढल्या आठवड्यात माझी निम्मी टोपली छाट. बायका म्हणाल्या, "केसर, तोंड आवर." नाही आवरलं. हे इथं मांडायचं कारण, मुंबईच्या हॉटेलनं माझ्या नवऱ्याची अशीच छाट काढली, आणि वर त्याची वस्तू ठेवून घेतली.

कलम चौथे: ट्रम्पेट.

वकीलसाहेबांचं म्हणणं, मृत्युपत्रात स्वतःच्या मालकीची वस्तूच देता येते. धर्मपालचं म्हणणं, ट्रम्पेट बाबांचं, म्हणून त्यात त्याचा वाटा. म्हणून ते माझं स्वकष्टार्जित कसं आहे, हे लिहून ठेवणं भाग आहे.

माझे पती सिद्राम, घरात सगळे सिदू म्हणायचे, यांचे चुलते पलटणीच्या बँडात होते. त्यांच्याकडं हे फुंकायला शिकले. मग मुंबईला गेले आणि चर्चगेटकडच्या एका हॉटेलात लागले. नाव लिहीत नाही. वकीलसाहेबांनी हात जोडलेत. तिथं सेठ लोक, साहेब लोक, त्यांच्या बायका जेवायला आणि नाचायला यायच्या आणि बँड जाझ वाजवायचा. ट्रम्पेट यांचं स्वतःचं होतं, विलायतेला परत निघालेल्या एका बँडवाल्याकडनं जुनं घेतलेलं.

लग्न झाल्यावर मी माझगावच्या खोलीत राहायला गेले. मला वाटलं, माझा नवरा कोट घालून कामाला जातो, केवढं नशीब. मग एकेक कळायला लागलं.

कोट हॉटेलचा, पण त्याची किंमत दर महिन्याला पगारातनं कापायची. वर जायचं ते मागच्या जिन्यानं, जिथनं खरकटं खाली आणतात. हॉलमधल्या खुर्चीवर बसायचं नाही, मधल्या सुट्टीत जिन्यावर बसायचं. पाहुण्यांच्या मोरीत जायचं नाही. जेवणाचे पैसे कापायचे आणि जेवायला द्यायचं पाहुण्यांचं उरलेलं. एखादा सेठ रंगात आला की "अजून वाजवा", त्याचे पैसे नाहीत. सेठनं खूश होऊन बँडला नोट पाठवली तर ती मॅनेजरच्या खिशात. रविवारी दुपारी चहाचा नाच असायचा, तो फुकटात. पावसाळ्यात हॉल बंद म्हणजे पगार बंद, पण दुसरीकडं वाजवलं तर काढून टाकू. ओठ फाटला तर घरी बसा, बिनपगारी. आणि ओठ फाटतो हो. मी लोणी लावायचे, तर म्हणायचे, "केसर, खायला न्हाय आणि ओठाला कुठनं आणलंस?" परदेशातनं आलेल्या वाजवणाऱ्याला एक पगार, गोव्याच्या पोरांना त्याच्यापेक्षा कमी, आणि आमच्या यांना सगळ्यात कमी. फुंक सगळ्यांची तेवढीच.

आणि नाव. मॅनेजर म्हणाला, सिद्राम बोर्डावर शोभत नाही, आजपासून तू सिडनी. यांनी हसत घरी येऊन सांगितलं. मी हसले नाही. म्हटलं, "पगार वाढवला का सिडनीचा?"

मी त्या हॉलमध्ये यांना वाजवताना कधीच ऐकलं नाही. बँडवाल्यांच्या बायकांना आत येऊ देत नसत. खोलीत सराव करायचे तर शेजारी ओरडतील म्हणून ट्रम्पेटच्या तोंडात फडकं कोंबायचे. एक चाल होती, यांनी स्वतः बसवलेली, हळू सुरू होऊन मग वर चढायची. ती मी कायम त्या फडक्यातनंच ऐकली, भिंतीपलीकडं कोणी बोलतंय अशी.

मग माझं पहिलं बाळंतपण आलं. मी सोलापूरला माहेरी. बाळ आडवं आलं, माझी आशा सोडली होती. तार गेली. यांनी काय केलं, ओळखीच्या एका पोराला आपल्या जागी बदली लावलं, त्याच्याकडं वाद्य नव्हतं म्हणून आपलं ट्रम्पेट त्याच्या हातात दिलं, आणि गाडीत बसले.

आता इथं आमची चूक झाली, आणि ती सोलापूरच्याच माणसाकडनं व्हावी अशी चूक होती. आम्ही गिरणीतली माणसं. माझा बाप मागावर होता. बाप आजारी पडला की बदली कामगार त्याच्या मागावर उभा राहायचा. बदलीचा पगार गिरणी द्यायची, आणि बाप बरा होऊन गेला की माग परत बापाचा. बदली म्हणजे हेच, दुसरं काही असतं हे आमच्या डोक्यातच नव्हतं. मी बाळंतिणीच्या बाजेवर पडलेली, तर यांनी मला सांगितलं, "काळजी करू नको, बदली लावून आलोय." मीसुद्धा म्हटलं, "मग बरं."

मी वाचले, बाळ वाचलं. हे परत गेले तर मॅनेजर म्हणतो, "सिडनी, तुझा बदली तुझ्यापेक्षा स्वस्तात वाजवतोय. तोच राहील. आणि त्याचे इतक्या दिवसांचे पैसे तुझ्या राहिलेल्या पगारातनं घेतले." हे म्हणाले, "मग माझं ट्रम्पेट द्या." तर म्हणे, कोटाचे पैसे पुरे फिटले नाहीत, फेडा आणि घेऊन जा. त्या बदली पोराला मी कधी शिव्या दिल्या नाहीत. त्याच्याही घरात चूल होती. शिव्या ज्याला द्यायच्या त्याला दिल्या, त्या पुढं येतील, पण निवडक.

हे सोलापूरला हात हलवत आले. मी म्हटलं, "कोट कुठाय?" म्हणाले, पेटीत. "काढा."

बाळंतपणाचं तेल अंगावरनं उतरलं नव्हतं, तशी मी पोर घेऊन मुंबईला गेले. हे सोबत होते, पण यांना पायरीवर पाय ठेवायची बंदी, म्हणून समोरच्या फुटपाथवर उभे राहिले. भर दुपार होती. पुढच्या दारात पागोट्यावाला उभा. म्हणतो, "ए बाई, पीछे से."

मी म्हटलं, "मागनं माझा मालक चार वर्सं चढला. आज मी पुढनं चढनार." आणि चढले. बाळंतिणीला तो हात लावणार कसा?

हॉलमध्ये झाडलोट चालली होती. मी सगळ्यात पुढच्या टेबलाला, पांढरं कापड घातलं होतं तिथं, खुर्ची ओढून बसले आणि पोराला पाजायला घेतलं. मॅनेजर पळत आला.

"बाई, इथं बसता येत नाही."

"मग हुभी राहून पाजू व्हय?"

"अहो, हे हॉटेल आहे!"

"हाटेलच हाय न्हवं? मग गिऱ्हाईक बसतंय की. च्या सांगा मला एक."

त्यानं इकडंतिकडं बघितलं. मी गाठोडं सोडलं आणि टेबलावर एकेक मांडलं. "हा तुमचा कोट. ही पँट, गुडग्याला रफू मी केलंय, त्याचं काय घेत न्हाय. हे तुमचं गळ्यातलं फुलपाखरू. आता आमचा बाजा द्या, आणि पगार द्या."

"पगार हिशोबात गेला."

"हिशोब कुनी केला?"

"मी."

"तुमच्या बायकोचं बाळंतपण झाल्यावर तुमचा पगार कोन कापतं?"

तो लाल झाला. मी आणखी दोन शब्द बोलले, ते इथं लिहीत नाही, नात वाचणार आहे. तेवढ्यात माझ्या मांडीवरच्या लेकरानं त्या पांढऱ्याशुभ्र कापडावर भरपूर मुतलं. अगदी कडेपर्यंत गेलं. वाढपी पोरं तोंड फिरवून हसायला लागली. मॅनेजर ओरडला, "अरे, ते काय असेल ते देऊन टाका हिला!" पगार नाही दिला. ट्रम्पेट दिलं.

धर्मपाल, तो मुतणारा तू होतास. आपल्या घराण्याला त्या हॉटेलकडनं जे काही परत मिळालं, ते तुझ्यामुळं. म्हणून तुझं हे वागणं मला जास्त लागलं.

तर अशा रीतीने कोट देऊन ट्रम्पेट घेतले, म्हणजे ते मी खरेदी केले, आणि ते माझे आहे. वकीलसाहेबांना हे पटलं आहे. ते म्हणाले, "कोर्टात काय होईल सांगता येत नाही, पण ऐकायला गर्दी होईल."

बाहेर आले आणि ट्रम्पेट यांच्या हातात दिलं. यांनी तिथंच, रस्त्यावर, त्या पुढच्या दाराकडं तोंड करून ती चाल वाजवली. फडकं नव्हतं. टॅक्सीवाले थांबले. मी पोर खांद्यावर टाकून उभी होते आणि मला पहिल्यांदा कळलं की माझा नवरा काय वाजवतो.

मग सोलापूर. दिवसा गिरणीत बदली कामगार (हसू नका), आणि लग्नसराईत तळभंडारे बँड. यांनी बँडला नियम घातले आणि ते हॉटेलनंच शिकवले असं म्हणायचे. सुपारी आधी, वाजवणं मागनं. आम्ही देवापुढं सुपारी ठेवत नाही, पण धंद्याची सुपारी ही धंद्याची: रुमालात एक सुपारी आणि विसाराचे पैसे, ते बँडवाल्यानं हातात घेतले की काम पक्कं. पंगत पाहुण्यांबरोबर. अकलूजला एका बागायतदारानं बँडला गोठ्यामागं पत्रावळ्या मांडल्या, तर यांनी वाद्यांना खोळी घालायला लावल्या. नवरदेव घोड्यावर तसाच बसून. बागायतदार स्वतः येऊन हात धरून मांडवात घेऊन गेला, मग खोळी निघाल्या. वाजवणारा आजारी पडला तर त्याचा पगार चालू, बदलीचा पगार बँड देणार.

आणि सगळ्यात कडक नियम: ज्याची सुपारी आधी घेतली, त्या कामावरनं बाजा हलवायचा नाही. दुसरा दुप्पट देवो, मंत्री येवो. धर्मपालला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या दिवशी करकंबची सुपारी आधीची निघाली. बाप करकंबला कुणाच्या तरी वरातीत, आणि बँडमास्तरच्या पोराची वरात सोलापुरात टेपवर. तो रुसला. हे म्हणाले, "धर्मा, तुझ्यासाठी मोडली तर उद्या कुणासाठीबी मोडंल." ते बरोबर होतं की चूक, मी आजही सांगू शकत नाही. पण नियम होता.

हे वारले तेव्हा धम्मप्रिया शाळेत होती. तेवढ्यात जेवढं शिकवता आलं तेवढं तिला शिकवून गेले, सरावाला तिनं घरचं ट्रम्पेट वापरायचं म्हणून सांगून गेले. तिनं पुढचं स्वतः कमावलं.

आता यंदाच्या उन्हाळ्याची गोष्ट. त्या हॉटेलच्या मालकाचा नातू आमच्या बोळात आला. गोरा, नम्र, अत्तर लावलेला. पाया पडला. म्हणाला, जुन्या जाझचा हॉल ते पुन्हा उघडताहेत, भिंतीवर जुने फोटो आणि काचेच्या पेटीत जुनी वाद्यं ठेवायची आहेत. मोबाइलवर दाखवलं: बँडचा फोटो, त्यात आमचे हे, विशीतले, आणि खाली इंग्रजीत नाव. नातीला विचारलं काय लिहिलंय, तर म्हणाली, "सिडनी, आज्जी. नुसतं सिडनी."

"आजी, आम्हाला त्यांचा मान करायचाय," तो म्हणाला.

"पगार दिला न्हाय, मान कशाला?"

तो हसला. त्याला वाटलं म्हातारी थट्टा करतेय. मी विचारलं, "आता वाजवनारी पोरं वर कुठनं जातात?"

"सर्व्हिस लिफ्ट आहे ना आजी आता."

"लिफ्ट पुढं हाय का मागं?"

पोरगं म्हणालं, "मागं."

मी म्हटलं, "चहा घे आणि जा बाबा." त्याचा दोष नाही, तो जन्मलाही नव्हता. पण लिफ्ट त्यानं बसवली, ती तर आत्ताची आहे की नाही?

तो गेला असं मला वाटलं. तो बोळाच्या तोंडाशी धर्मपालला भेटला. पुढं स्लॅब पडला. मी विचारलं, पैसे कुठले, तर म्हणाला, त्याच्या पेन्शनीचा थकलेला फरक आला. स्लॅबला पाणी मारताना सून बोलून गेली. धर्मपालनं ट्रम्पेटचा विसार घेतला होता.

चांगलं भांडण झालं. धर्मपाल म्हणाला, "आये, आता काय करतीस? बाबाच म्हणायचे, सुपारी घेतली की मोडायची न्हाय. मी घेतलीय." मला माझ्याच नवऱ्याच्या नियमात बांधलं त्यानं! सबंध दुपार मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. सुनेला वाटलं मला काहीतरी झालं, तिनं साखरपाणी आणलं. मग मला आठवलं, आणि मी त्याला हाक मारली.

"धर्मा, तुझी सुपारी कवाची?"

"मे महिन्यातली."

"माजी त्याच्या आधीची हाय."

गेल्या वर्षीच्या जयंतीला धम्मप्रियानं चौकात ट्रम्पेट वाजवलं, तेव्हा मी आमच्या बँडातला ड्रमवाला बिरुदेव आणि शेजारच्या शिवलीला यांच्या समोर तिच्या हातात रुमाल दिला होता. आत सुपारी आणि पैसे. म्हटलं, माझ्या मयतीला तू वाजवायचं, हेच ट्रम्पेट, फुकट नाही, सुपारी घेऊन. पोरगी आधी रडली, मग घेतली. काम पक्कं झालं. तारीख तेवढी ठरलेली नाही. ती मला माहीत नाही, डॉक्टरांना नाही, कुणालाच नाही. म्हणजे माझ्या तिरडीचा दिवस उजाडेपर्यंत ते ट्रम्पेट एकही दिवस दुसऱ्या कुणाकडं देता येत नाही.

धर्मपाल माझ्यासमोर खाली बसला. त्याला करकंब आठवलं असणार. मग हळूच म्हणाला, "आये, मग त्या पोराला काय सांगू?"

"तारीख लागलीय म्हनावं."

"कुठली विचारलं तर?"

"न्हाय म्हायती म्हनावं. हयात हाय अजून."

पहिल्यांदा तो हसला, बापासारखा, नाकातनं.

म्हणून असे लिहून ठेवते की सदर ट्रम्पेट, त्याच्या पेटीसह, माझ्या पश्चात माझी नात धम्मप्रिया धर्मपाल तळभंडारे हिच्या एकटीच्या मालकीचे होईल. माझे काम वाजवून झाल्यावरही ते विकायचे नाही, गहाण टाकायचे नाही, भिंतीवर टांगायचे नाही, काचेच्या पेटीत ठेवायचे नाही. वाजवून काळे पडले तर पडू दे. धर्मपालने घेतलेला विसार कलम दोनमधल्या ठेवीतून पै न् पै परत करावा. मी जिवंत असतानाच परत करायचा झाला तर मीच अंगठ्याऐवजी सही करून काढून देईन, पोस्टात माझी सही चालते.

त्या हॉटेलला ट्रम्पेट ऐकायचं असेल तर धम्मप्रियाला सुपारी द्यावी. ती पुढच्या जिन्यानं चढेल, टेबलाला बसून जेवेल. फोटोखाली सिद्राम तळभंडारे, सोलापूर, असं लिहिलेलं असेल तरच पेटी उघडेल. राहिलेल्या पगाराचा दावा मी सोडलेला नाही, हे त्यांना कळावं. वकीलसाहेब म्हणतात मुदत गेली. मुदत त्यांची गेली असेल, माझी नाही गेली.

कलम पाचवे: ड्रम.

बँडचा साइड ड्रम बिरुदेवला द्यायचा होता. पण वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळणार तो साक्षीदार नसलेला बरा. म्हणून ड्रम त्याला कालच देऊन टाकला. घेऊन जाताना बोळभर बडवत गेला, पोरं मागं.

कलम सहावे: माझं काम.

मला पुढच्या दारानं न्यावं. वंदना झाली की धम्मप्रियानं ती चाल वाजवावी, यांची, हळू सुरू होऊन वर चढणारी. कामाचे उरलेले पैसे शिवलीला सिस्टरकडं ठेवले आहेत, ते पोरीच्या हातात वाजवायच्या आधी द्यावेत. मी द्यायला नसेन म्हणून मागनं देऊ, असं कोणी म्हणायचं नाही. तिला आधी जेवू घालावं, मयतीचं घर असलं तरी. उपाशी पोटी फुंक नीट लागत नाही. ओठाला लोणी द्यावं. तिच्या डोळ्यांतनं पाणी येऊन फुंक तुटली तर तुटू द्यावी, पैसे कापायचे नाहीत.

आणि शेजारी काय म्हणतील म्हणून कोणी तिला फडकं आणून देऊ नये.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. कागद मी वाचला, धम्मप्रियाने मला वाचून दाखवला, धर्मपालने शेजारी बसून ऐकला आणि तक्रार नाही असे म्हणाला. ते ऐकून मी सर्वांसमक्ष सही केली. वकीलसाहेबांनी तीन ठिकाणी लाल शाई केली होती, ती मी मान्य केलेली नाही.

लिहून ठेवणार: केसरबाई सिद्राम तळभंडारे (सही)

साक्षीदार:
१. शिवलीला चन्नप्पा हत्तुरे, निवृत्त परिचारिका, बुधवार पेठ, सोलापूर (सही). रुमाल देताना मी हजर होते. उरलेले पैसे माझ्याकडे आहेत.
२. बिरुदेव म्हाळाप्पा पुजारी, ड्रमवादक, तळभंडारे बँड, सोलापूर (सही). सुपारी माझ्यासमोर दिली. करकंबलाही मी होतो.

स्थळ: सोलापूर
दिनांक: २ नोव्हेंबर २०२५